बाईंनी पाहिलंय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संस्थापक, ज्यांना आपण सगळे आदराने मोठे साहेब म्हणतो. त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे चिरंजीव, आपले कार्यकारी संचालक धाकटे साहेब. विक्रेता संघाकडून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सकाळची पाळी अर्ध्यावर सोडून जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि लेक. आणि दोन्ही पाळ्यांतल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. जाहिरात विभागाचा माणूस आहे, गोडच बोलेल, असा त्यांचा हिशेब असणार. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. अठरा वर्षं मी या कंपनीबद्दल गोड बोलत आलो, माझी नोकरीच ती आहे. मोठ्या साहेबांना एवढीच विनंती, की त्यांनी कानातलं यंत्र जरा वाढवून घ्यावं. आज मी हळू बोलणार आहे.

बाई या कारखान्यात आल्या तेव्हा इथे एकच शेड होती आणि शेडच्या टोकाला पाण्याची एक टाकी. आपण गॅसच्या सिलिंडरवर बसणारे रेग्युलेटर बनवतो. तयार झालेला प्रत्येक रेग्युलेटर हवेच्या नळीला जोडायचा, त्या टाकीत बुडवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. बुडबुडा आला तर माल बाद. मोठ्या साहेबांनी घालून दिलेला हा नियम, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीतली जवळजवळ तीस वर्षं तो पाळला बाईंनी. म्हणूनच त्यांचं नाव पडलं बुडबुडेबाई. नव्या मुलांना वाटायचं, हे त्यांचं आडनावच आहे. एकदा पगारपत्रकावरही तसंच छापून आलं होतं. बाईंनी तक्रार केली नाही, पत्रक घरी नेऊन यजमानांना दाखवलं आणि म्हणाल्या, आता तुम्हीही बुडबुडे.

हसा, हसा. हसण्यासारखंच आहे ते.

पाण्यात राहून राहून त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या. हजेरीला अंगठ्याचं यंत्र बसवलं, तेव्हा ते बाईंचा अंगठा ओळखेना. तीन दिवस त्यांची गैरहजेरी लागली. शेवटी त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवावी लागली. ही गोष्ट माझ्या कानावर आली आणि माझ्या डोक्यात कल्पना चमकली. यंत्र ओळखत नसेल, पण गिऱ्हाईक ओळखेल. सहा वर्षांपूर्वी मी बाईंचा फोटो काढून घेतला. साधी साडी, वर केलेल्या बाह्या, हातात ओला रेग्युलेटर. खाली दोनच शब्द छापले, ‘बाईंनी पाहिलंय’.

त्याआधी आपला माल दुकानात मागच्या फळीवर असायचा. बाहेरून येणारा स्वस्त माल पुढे. बाईंचा फोटो खोक्यावर आला आणि वर्षभरात माणसं दुकानात जाऊन म्हणायला लागली, तो बाईवाला द्या. आपल्याच रस्त्यावरचे दोन कारखाने त्या काळात बंद पडले. एकाच्या जागेत आज लाकडी फर्निचरचं गोदाम आहे, दुसऱ्याच्या फाटकाला अजून कुलूप आहे. आपण तगलो. का तगलो? माझ्या दोन शब्दांमुळे, असं मी पाहुण्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्या दोन शब्दांमागे एक बाई खरोखर पाहत होती, म्हणून तगलो.

मग पोलाद महागलं, बाहेरचा माल आणखी स्वस्त झाला. दीड वर्षापूर्वी आपण रेग्युलेटरच्या आतल्या रबरी पडद्याचा पुरवठादार बदलला. नवा पडदा टाकीत चोख उतरायचा. एकही बुडबुडा नाही. तरी बाईंना त्याचा वास आवडला नाही. त्यांनी बारा पडदे मागून घेतले, घरी नेले आणि पत्र्याच्या डब्यात घालून शेगडीच्या मागे, धगीत ठेवून दिले. चाळीस दिवसांनी डबा उघडला, तर बारातले पाच दाबताच तडकले. तो डबा घेऊन त्या धाकट्या साहेबांकडे गेल्या.

धाकटे साहेब इथे बसले आहेत आणि त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. त्या दिवशी मीही त्या खोलीत होतो. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, की हा पुरवठादार सोडला तर आठ महिन्यांत आपल्या फाटकालाही कुलूप लागेल. चारशे माणसं आहेत. ‘बाई, आधी जगू या. एकदा जगलो, की सगळं नीट करू.’ मला ते पटलं. मी मान डोलावली. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि तो तिथेच टेबलावर ठेवून निघून गेल्या.

पुढच्याच महिन्यात बाईंची बढती झाली. ब्रँड प्रतिनिधी. हे पद माझ्याच टेबलावर जन्माला आलं. टाकीवरचं काम कमी करून दहातला एक रेग्युलेटर तपासायचं ठरलं होतं, आणि टाकीपाशी बाई असत्या तर ते जमलं नसतं. मी त्यांना नव्या साड्या घेऊन दिल्या, गाडी दिली, गावोगावच्या दुकानांत नेलं. लोक त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत. बाई उभ्या राहत, पण दोन्ही हात पदराखाली. मी म्हणायचो, बाई, हात दिसू द्या, लोकांना हात बघायचेत. त्या पदर आणखी पुढे ओढून घेत.

गेल्या वर्षी अशाच एका दुकानात मी विक्रेत्याशी बोलत होतो. बाई फलकाशेजारी उभ्या होत्या. साधारण माझ्या बहिणीच्या वयाची एक बाई आली. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, त्या बाजूची भुवई जळलेली. ती बाईंशी काही बोलली, बाईंनी तिचा चांगला हात हातात घेतला आणि ती निघून गेली. मला वाटलं, ओळखीची असेल.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, ‘ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, माझंच काहीतरी चुकलं असेल हो, तुम्ही तर तपासला होता.’

मी गाडीची काच वर केली. तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. खोक्यावरून माझा फोटो काढा, म्हणाल्या. मी कपाटातून त्यांच्या सहीचा संमतीचा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. फोटो कंपनीच्या मालकीचा आहे, असं त्यात लिहिलं होतं. सही करताना त्यांनी तो वाचला नव्हता, कारण तो मी पुढे केला होता आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मला चिठ्ठी आली आहे. वेळ संपत आली, असं लिहिलंय. माहिती आहे. माइक सांभाळणाऱ्या दादांना विनंती, अजून थोडा वेळ तो चालू राहू द्या.

त्यानंतर बाई काय करत होत्या हे पॅकिंगच्या लोकांनी पाहिलं आहे. जेवणाच्या सुट्टीत त्या गोदामात जायच्या. पत्र्याखाली उन्हाळाभर पडून राहिलेल्या खोक्यांतला माल काढायचा, बादलीत पाणी घ्यायचं, हवेची नळी लावायची. चाळिसांत तीन गळके. पुन्हा चाळीस, पुन्हा तीन, एकदा चार. प्रत्येक आकडा त्या तारखेनिशी कागदावर नोंदवायच्या. शेजारी बसून डबा खाणारी माणसं हळूहळू लांब जाऊन बसू लागली. मी कुणाला बोल लावत नाही. तुमच्यातलेच एक जण त्यांना म्हणाले होते, ‘बाई, तुमची दोनच वर्षं राहिलीत. आमची वीस आहेत.’ बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्याचंही खरंच आहे, एवढंच म्हणाल्या.

मग बादलीची बातमी वर गेली आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद खाली आला. बाईंनी एकच अट घातली, मी गेल्यावर माझा फोटो खोक्यावर राहता कामा नये. धाकट्या साहेबांनी शब्द दिला. म्हणून आज हा समारंभ दोन वर्षं आधी होतो आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं आहे. तो मजकूर माझा.

बाई, आता जे सांगणार आहे ते तुम्हालाही पहिल्यांदाच कळतंय. गेल्या आठवड्यात नव्या खोक्याचा नमुना माझ्याकडे मंजुरीला आला. तुमचा फोटो त्यावर आहे. पूर्वीपेक्षा मोठा आहे. खाली ‘एकतीस वर्षांचा विश्वास’ असं लिहिलंय. मी त्यावर सोमवारी सही केली.

का केली? मला दोन वर्षांत घर पुरं करायचंय, मुलीचं शिक्षण आहे, असं सांगता येईल. या सभागृहात प्रत्येकाकडे असं एक कारण आहे. पण सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, माझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अरे, वास येतोय का बघ. मी गेलो. साबणाचं पाणी लावलं. सिलिंडरवर आपलाच रेग्युलेटर होता. बुडबुडे आले. मी खिडक्या उघडल्या, तो काढला, माळ्यावरून जुना, बाईंच्या हाताखालून गेलेला शोधून लावला. आईला म्हणालो, काही नाही, वॉशर सैल होता. आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन मी त्या खोक्यावर सही केली.

माझ्या घरातला काढला आणि दुसऱ्यांच्या घरांसाठी मंजूर केला. चार रात्री मी हे वाक्य कुणाला सांगायचं ते शोधतोय.

धाकटे साहेब, तुम्ही उठलात. जरा बसा. तुम्ही मला वाईट वागवलं नाही. आज आपण जगलो आहोत, हेही खरं. पण सगळं नीट करू म्हणालात, तो दिवस कुठे आहे? दहातला एक तपासणंही थांबलं, टाकी कोरडी आहे. तिच्यात आता खोक्यांच्या घड्या ठेवतात. माणसांनी आपला माल घेतला तो आपल्या लोकांकडे बघून, आणि आपण त्या लोकांनाच बाजूला केलं. असा कारखाना किती दिवस चालतो, हे मला माहीत नाही. एखाद्या घरातून धूर निघेपर्यंत चालत असावा. बहुधा तो निघालाही असेल, आणि तिथेही कुणीतरी म्हणालं असेल, माझंच काहीतरी चुकलं.

मोठे साहेब, तुम्ही माझ्याकडे बघताय, म्हणजे ऐकू येतंय. आपल्या मालाला प्रमाणपत्र देणाऱ्या मानक कार्यालयाला मी आज सकाळी पत्र दिलं आहे. बाईंच्या नोंदींच्या प्रतीही जोडल्या आहेत. त्या नोंदी माझ्याकडेच होत्या, वरून फाडायला दिल्या होत्या. त्याची पोच माझ्या खिशात आहे. तेव्हा आता मला खाली उतरवून काही थांबणार नाही. अजून दोन मिनिटं लागतील, तेवढी द्या.

बाई, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलण्यासाठी मला इथे उभं केलं होतं. ते जमलं नाही. तुम्ही एकदा मला विचारलं होतं, की फोटोतली ती बाई खरंच मी आहे का. तेव्हा मी हसलो होतो. ती तुम्हीच होतात. आम्ही तिच्यामागून तुम्हाला काढून घेतलं आणि तिला उभं ठेवलं. तुमच्या यजमानांची आणि लेकीची मी हात जोडून क्षमा मागतो.

आयोजकांचे, प्रमुख पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, आवाज चढला असेल, दिलेली वेळ ओलांडली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

एक शेवटचं. सहा महिन्यांपूर्वी वर्धापनदिनाला कंपनीने आपल्या प्रत्येकाला एकेक रेग्युलेटर भेट दिला होता. माझ्या घरातला तोच होता. तुमचेही त्याच खेपेतले आहेत. बहुतेकांनी बसवले असतील. आत्ता सव्वाअकरा झाले आहेत, घरोघरी स्वयंपाक चालू असेल. कृपा करून जेवणाकडे वळण्याआधी घरी फोन करा. शेगडी बंद करायला सांगा, खिडक्या उघडायला सांगा. आणि ज्यांच्या घरी कुणी फोन उचलत नसेल त्यांनी थेट फाटकाकडे जावं. कंपनीच्या गाड्या मी तिथे उभ्या करून ठेवल्या आहेत.