कमळीचा कोपरा

हौसा : मशीन माघारी पाठवा. त्या कोपऱ्याला मी हात लावू देणार न्हाय.

रामनाथ : अगं, पडघ्यावरनं खणायची मशीन घेऊन आलाय कासम. जरा ऐक तरी. गेल्या साली गौरी गेल्या नि पाऊसही गेला. फुलोऱ्यातलं भात उभ्या उभ्या करपलं. औंदाही तसंच झालं तं? शेतात तळं नसंल तं जमीन विकावी लागंल, गोदामवाल्याच्या घशात जाईल.

हौसा : मग खणा ना तळं. वरच्या अंगाला खणा.

रामनाथ : तिथं सगळा मुरूम. घागर ओतली तरी घटकेत पिऊन टाकतो. पाणी धरंल अशी जागा हीच एक.

हौसा : अवो, तिथं माझी कमळी निजलीय.

रामनाथ : आपली कमळी. ह्याच हातांनी पुरली तिला मी.

हौसा : उलट्यांनी पोटात थेंब ठरत नव्हता. ओठ चाटत चाटत गेली पोर.

रामनाथ : म्हणून तू रोज दुपारी तांब्या ओततेस तिथं. ठाऊक हाय मला.

हौसा : कधी बोललात न्हाय ते?

रामनाथ : काय बोलू? आंब्याआडून बघायचो.

हौसा : मग हेही बघितलं असंल. ती पीत न्हाय. सांजेला जावं तं पाणी तसंच, एवढ्या उन्हात. अजून रुसलीय माझ्यावर.

रामनाथ : रुसली न्हाय गं. खाली चिकणमाती हाय, पाणी जिरतच न्हाय. त्यावरनंच मला कळलं, तळं कुठं घ्यायचं ते.

कासम : काकी, मशीन बंद केलीय मी. तेवढी जागा आधी हातानं खणू. जे गावंल ते तुमच्या पदरात देतो. मग तुम्ही सांगाल तसं.

हौसा : कुदळ दे इकडं, कासम. मीच खणते.

(उन्हं कलतात.)

रामनाथ : बास आता. छातीइतका खड्डा झाला.

हौसा : हाडूक न्हाय. मनगटातला काळा मणी सुद्धा न्हाय. जागा चुकली का वो?

रामनाथ : जागा हीच. तिची माती झाली, हौसा.

हौसा : मग एवढी वरसं मी बोलत कुणाशी होते?

रामनाथ : हात दे. वर ये. कासमला त्याचं काम करू दे.

हौसा : करू दे त्याला, त्या टोकापासनं सुरू करू दे. तुमी व्हा पुढं. मी बसते जरा. हितं खाली गार हाय.