मागच्या खोलीचा फ्यूज

मी पेणचाच, वडिलांपासून आमचा गणपतीचा कारखाना, कळायला लागल्यापासून हात शाडूत, दुसरं काही येत नाय मला. तेव्हा लिहून घ्या, आणि माझं चांगलं दाखवायला जाऊ नका.

दत्ताराम रोह्याकडचा. माझ्याकडेच माती मळायला शिकला, मग लग्न झालं तसं म्हणाला, काका, मागची खोली भाड्याने द्या, स्वतःचे चार गणपती करतो. दिली. सबमीटर लावला, विजेचे पैसे त्याने द्यायचे, तार आणि फ्यूज मी सांभाळायचे, असं ठरलं. त्याचा फ्यूज माझ्या ओटीवरच्या बोर्डात होता.

काय सांगू तुम्हाला, त्याच्या हातात डोळे होते. मूर्तीचे डोळे हो. मी जन्मभर डोळ्यांची आखणी केली, पण त्याचा गणपती बघणाऱ्याकडे बघायचा. माझी जुनी गिऱ्हाइकं माझ्या दारातून आत यायची, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्यायची आणि विचारायची, दत्ताराम हाय का मागे? व्हय, हाय, जा. दिवसातून किती वेळा ते जा म्हणायचं माणसाने? बायकोसुद्धा म्हणाली, अहो, त्याच्याकडून शिका की जरा. थट्टाच केली तिने. मी जेवण टाकून उठलो.

त्या श्रावणात पाऊस हटत नव्हता. शाडू अशा हवेत सुकत नाय, पंखे आणि मोठे बल्ब लावून सावकाश सुकवावा लागतो. त्याच्या मूर्ती ओल्या, गणपती तोंडावर, आणि मी एका सकाळी त्याचा फ्यूज ढिला केला. तो धावत आला, काका, लाइट गेली. मी म्हटलं, तुझ्याकडची तार जळली असेल, वायरमनला निरोप धाडलाय. कुठला निरोप? चार दिवस मी त्या बोर्डाखाली बसून माझ्या मूर्ती रंगवल्या.

त्याच्या बायकोने, सुमनने, घाबरून कोळशाच्या शेगड्या पेटवल्या. शेकाने माती वरून सुकली, आत ओलीच, आणि पोटांना, सोंडांना भेगा गेल्या. बुजवल्या की पुन्हा उघडायच्या. दत्ताराम एक तुकडा घेऊन माझ्याकडे आला, काका, शेगडीने झालं का हो हे? मी तुकडा बोटांत चुरला आणि म्हटलं, नाय रे, नीट मळलेली माती शेक सोसते, तुझी मातीच चुकली, तुला मातीचं अंग नाय.

माती मीच शिकवलेली, म्हणून त्याने ऐकलं. दसऱ्याच्या आत खोली सोडली, रोह्याला कंपनीत लागला. नंतर कधी शाडूला हात लावला नाय.

गेल्या महिन्यात मी रोह्याला जाऊन त्याला सगळं सांगितलं. आता तो रिटायर झालाय. सुमन आतून म्हणाली, काका, तुम्ही बसूच नका इथे, निघा. बरोबरच होतं तिचं. तो मात्र म्हणाला, म्हणजे माती बरोबर होती माझी?

बरोबर होती, मी म्हटलं.

तो आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिला. मग म्हणाला, एक गोण शाडू पाठवाल?

पाठवली. देव त्याचा हात पूर्वीसारखा ठेवो, हे मनापासून म्हणतो. पण लिहाच, गोण टेम्पोत चढवताना मला वाटलं, आता पुन्हा त्याचेच डोळे चांगले होणार. एवढ्या वयातही वाटलं.