मोजून दाबलेलं बटण

डोळ्यांच्या दवाखान्यात टॅक्सीवाला आपल्या पाळीची वाट पाहत होता. शेजारी तपासणी उरकून आलेले एक आजोबा आणि त्यांची मुलगी बसली होती.

“सगळे दिवे दिसले, बाबा?”

“सगळे. दिवा चमकला की बटण दाबायचं, सोपं आहे.”

“डावीकडचेही?”

“सगळे म्हटलं ना.”

“मग माझी चिमणी का म्हणते, शाळेत जाताना डावीकडून सायकल आली की आजोबांना मीच सांगते?”

“असं म्हणाली?”

“काल रडत म्हणाली.”

“कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं तिला.”

“सात वर्षांच्या पोरीला?”

“माझं गाडी चालवणं बंद झालं तर तिला शाळेत कोण सोडणार?”

“बाबा, दिवे दिसले का?”

“दिवे ठरावीक वेळानं लागतात. मी मनात मोजून दाबत होतो.”

मुलीनं डॉक्टरांच्या खोलीकडे पाहिलं.

“डॉक्टरांना तू सांग. मला तोंड नाही.”

“तुम्हीच सांगा. मी बरोबर येते.”

दोघं उठली. तेवढ्यात टॅक्सीवाल्याला आत बोलावलं. तपासणाऱ्या बाईंनी बटण पुढे केलं.

“दिवा दिसला तरच दाबायचं.”

त्यानं ते घेतलं नाही.

“बाई, माझा मागच्या वर्षीचा रिपोर्ट खरा धरू नका. तेव्हा मीही मोजूनच दाबलं होतं.”