बाहेर पडायचा रस्ता कुठंय?

...नाही, पण तुम्हीच सांगा, डोक्यावर अख्ख्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय, टांगलाय कशावर तर बोटाएवढ्या तारांवर, आणि त्याच्या बरोब्बर पोटाखाली उभं राहून माझ्या एकुलत्या एका लेकीनं 'हो' म्हणायचं? का? साधे हॉल काय समुद्रात बुडाले? चार भिंती, दोन दारं, खुर्च्या मांडल्या की झालं! पण छे! साध्या हॉलात लग्न करायचं म्हटलं की हल्लीची मुलं अशी बघतात, जणू आपण त्यांना स्मशानात चला म्हणतोय!

आणि ही जागा दाखवणारी बाई! तिचा धंदाच तो. या एवढ्या मोठ्या शहरात कुठं कुठं लग्न करता येतं, म्हणजे खरं तर कुठं कुठं करू नये, ते शोधून काढायचं आणि तिथं लोकांना न्यायचं. तिचं नाव मी अनुभवबाई ठेवलंय. कारण तिच्या प्रत्येक वाक्यात तो येतोच. "सर, हा नुसता हॉल नाहीये, हा अनुभव आहे! पाहुण्यांना कसं, समुद्राच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं!" अहो, मला समुद्राच्या तळाशी बसायचंच नाहीये! मी म्हटलं, "बाई, ते तळाचं राहू दे. बाहेर पडायचा रस्ता कुठंय?"

झालं. आमच्या हिनं डोळे मिटून घेतले. लेकीनं वर देवमाशाकडे बघितलं.

आता तुम्हाला सांगतो, यात माझा काय दोष? मी आगीची तपासणी करणारा माणूस. जन्म गेला माझा लोकांच्या इमारतींमधून हिंडत, हे दार का अडवलंय, तो जिना का बंद आहे, ही बादली रिकामी का, हे विचारत. थिएटरात गेलो की लोक पडदा बघतात, मी दारावरचा लाल दिवा बघतो. आणि उगीच नाही बघत. एकदा एक आतून न उघडलेलं दार पाहिलंय मी. त्याबद्दल मी बोलत नाही. पण तेव्हापासून कुठंही पाऊल टाकलं की पहिला प्रश्न तोच. मग ते लग्न असो, बारसं असो, नाहीतर दवाखाना.

तर ती बाई म्हणते, "आहे ना सर, मागे आहे दार!" मागे गेलो. दार होतं. दारापुढं गेंडा. पेंढा भरलेला, पण गेंडा तो गेंडाच! म्हटलं, "हा हलतो का?" तर म्हणे, "सर, तो शंभर वर्षं तिथंच आहे." म्हणजे काय, तो मेला म्हणून आम्हीपण मरायचं?

संग्रहालय रद्द.

मग मत्स्यालय. काचेचा बोगदा, दोन्ही बाजूंना पाणी, वरून पाणी, आणि डोक्यावरनं शार्क चाललाय संथपणे, कुणाला बघून ठेवावं असा विचार करत. मी आपलं काचेवर जरा टकटक करून बघितलं, किती जाड आहे ते कळायला नको? तर सगळा स्टाफ माझ्या अंगावर धावून आला! मग एका उंच इमारतीची गच्ची. सुंदर, हो, मी सुंदरला सुंदरच म्हणतो! सगळं शहर पायाखाली! पण वर यायला लिफ्ट, खाली जायला लिफ्ट, आणि जिन्याच्या दाराला कुलूप. किल्ली? "सर, ती खालच्या मजल्यावर असते." वा! म्हणजे आग लागली की आधी लिफ्टनं खाली जायचं, किल्ली आणायची, वर यायचं, दार उघडायचं आणि मग जिन्यानं पळायचं!

आमची ही म्हणते, "अहो, तुम्ही मुलीचं लग्न ठरवताय का इमारत सील करताय?"

पण खरा तमाशा झाला तो बँकेत. एक जुनी बँक, कधीच बंद पडलेली, आणि तिच्या तळघरात ती तिजोरीची खोली. वीतभर जाड पोलादाचं दार! अनुभवबाई तर नुसती तरंगत होती. "सर, इथं पूर्वी लोकांचं सोनं असायचं, आता तुमची सोन्यासारखी मुलगी असेल!" आणि त्या दिवशी नेमके आमचे व्याही आणि विहीणबाईपण आले होते जागा बघायला. व्याही दातांचे डॉक्टर. फार शांत माणूस. सगळा जन्म लोकांना "घाबरू नका, काही होत नाही" सांगण्यात गेलेला.

म्हटलं, "बाहेर पडायचा रस्ता कुठंय?"

"सर, हाच की! हे दार!"

"आणि हे बंद झालं तर?"

"होत नाही सर."

होत नाही म्हणजे? दार आहे ना ते? बंद होणं हाच त्याचा स्वभाव! मी म्हटलं, थांबा, बघूनच घेऊ. आणि ढकललं. आता तुम्हाला काय सांगू... काय सुरेख बंद झालं हो ते! लोण्यासारखं! आवाज नाही, कुरकुर नाही. आणि बंद झालं तसा दिवाही गेला.

काळोख.

उघडायचा दांडा बाहेरून. पहारेकरी चहाला गेलेला. फोनला रेंज नाही. अनुभवबाई पहिल्यांदाच गप्प! आणि त्या काळोखात आमचे शांत व्याही, लोकांना जन्मभर धीर देणारे, ते ओरडायला लागले. "मला बाहेर काढा! मला बाहेर काढा!" आणि त्यांनी घट्ट हात धरला, तो विहीणबाईंचा समजून, आमच्या हिचा! आणि ही म्हणतेय, "अहो, सोडा!" तर मला वाटलं मला म्हणतेय. म्हटलं, "मी काय धरलंय?" सगळा गोंधळ! आणि त्या सगळ्या कल्लोळात लेकीचा आवाज आला. एकच शब्द. "बाबा."

एवढाच. लहानपणी ती चुकून काचेचं भांडं फोडायची, तेव्हा मी तिला ज्या आवाजात हाक मारायचो ना, तोच आवाज! माझाच, मला परत!

पहारेकरी आला, दार उघडलं. व्याही तडक गाडीत जाऊन बसले. आणि घरी आल्यावर लेक माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "बाबा, आता बास. एक तर जागा तुम्ही शोधा, नाहीतर आम्ही दोघं जातो कचेरीत, करतो सह्या, आणि तुम्हाला फोटो पाठवतो."

फोटो!

अहो, तुम्हाला कळत नाही, लग्न झालं की त्याच संध्याकाळी विमान होतं त्यांचं. दोघांना नोकरी लागलीय, लांब, समुद्रापलीकडे. परत कधी येणार, देव जाणे. माझं एकच म्हणणं होतं. ती 'हो' म्हणेल तेव्हा मी समोर असलो पाहिजे. तिचा चेहरा मला दिसला पाहिजे. बाकी देवमासा नको, शार्क नको, सोनं नको. एवढंच हवं होतं हो मला!

रात्रंदिवस डोकं खाजवलं. आणि एकदम प्रकाश पडला. या शहरात अशी एकच जागा आहे जिथं बाहेर पडायच्या रस्त्याची काळजी करायला नको. कोणती? अग्निशमन केंद्र! माझं स्वतःचं! मागं कवायतीचं मोकळं पटांगण, वर आभाळ, छप्पर नाही, तीन बाजूंना फाटकं, कोपऱ्यात पाण्याचा नळ एवढा जाड! केंद्राचा प्रमुख माझ्याच हाताखाली तयार झालेला, आम्ही त्याला भोपळ्या म्हणतो. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या मुलीचं लग्न म्हणजे आमच्या घरचं लग्न. फक्त बंब पुढनं निघतात, तेवढं सांभाळा."

म्हटलं, "मला सांगतोस?"

आणि लेकीला आवडलं! अहो, खरंच आवडलं! लाल बंब, पितळी घंटा, शिड्या, ती म्हणाली, "बाबा, हे तर सगळ्यात भारी आहे!" तुम्हाला सांगतो, अनुभवबाईनं तर तिथंच कार्ड काढलं आणि भोपळ्याला म्हणाली, "सर, हा अनुभव आपण इतरांनाही देऊ शकतो!"

लग्नाचा दिवस. मी पहाटेपासून पटांगणात. खुर्च्यांच्या रांगांत दोन माणसं जातील एवढी वाट. तिन्ही फाटकं सताड उघडी. आणि पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या, तर लोक कसे असतात तुम्हाला माहीतच आहे, जिथं फाटक दिसेल तिथं गाडी लावणार! मी शिट्टी घेऊन उभा. "इथं नाही! फाटक अडवायचं नाही! बाहेर पडायचा रस्ता मोकळा पाहिजे! पुढं लावा, इमारतीच्या पुढं!" एकेक गाडी मी स्वतः वळवली. व्याह्यांची गाडी वळवली. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं, पण तिजोरीनंतर त्यांचा माझ्याशी वाद घालायचा उत्साहच गेला होता. पटांगणात एक चाक नाही! नुसतं मोकळं! काय अभिमान वाटला मला!

रजिस्ट्रार आला. घाईत. "चला, चला, मला यानंतर एक लग्न गरम हवेच्या फुग्यात आहे!" मी पहिल्या रांगेत. सगळे बंबवाले गणवेश घालून मागं उभे, भोपळ्या डोळे पुसतोय, माझी लेक समोर उभी, आणि रजिस्ट्रार विचारतो, "तुम्ही यांना पती म्हणून..." आणि ती श्वास घेते... आणि...

घंटा!

आता तीस वर्षांची सवय आहे हो! घंटा झाली की पाय विचार करत नाहीत! बंबवाले पळाले, भोपळ्या पळाला, आणि त्यांच्याबरोबर मीपण पळालो! कुठं, कशाला, मला काय करायचंय, काही नाही! मागनं ही ओरडतेय, "अहो, तुम्ही कुठं?" पण मी पार पुढं, बंबाच्या मोठ्या दारापर्यंत! बंब सुरू, दिवे फिरतायत, दार वर गेलं...

आणि दाराच्या तोंडाशी गाड्या. रांगेनं. ओळीत. सुबक! सगळं लग्न तिथं उभं केलेलं! आणि सगळ्यांच्या पुढं, बरोब्बर दाराला आडवी, पांढऱ्या फितीनं सजवलेली, लेकीला विमानतळावर सोडायला आणलेली... माझी.

तळपायाची आग मस्तकात गेली! मी ओरडलो, "कुणाची आहे ही गाडी? कुणी लावली इथं?" सवयीनं ओरडलो हो! आणि भोपळ्या बंबातनं बघतोय माझ्याकडे. मी त्याला हेच तर शिकवलं होतं. मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

पण लाज वाटायलासुद्धा वेळ नव्हता. शिट्टी काढली. निम्मे पाहुणे धावत पुढं आले. किल्ल्या सापडेनात. विहीणबाईंनी बूट काढून हातात घेतले आणि खांदा लावून गाडी ढकलली! व्याही ढकलतायत आणि मला म्हणतायत, "घाबरू नका, काही होत नाही!" सगळ्या गाड्या ढकलून, रेटून, आत पटांगणात घातल्या. जिथं जागा मिळेल तिथं! बंब सुटला. आग कसली? कुणीतरी दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसलं होतं. एक पातेलं गेलं. बाकी सगळे सुखरूप. मला सोडून.

घाम पुसत मी मागं आलो. आणि टाळ्या ऐकू आल्या.

झालं होतं लग्न! अंगठ्या घालून झाल्या, सह्यासुद्धा झाल्या! रजिस्ट्रार म्हणे, मला फुगा गाठायचाय, मी थांबू शकत नाही. म्हणजे बघा, देवमाशाखाली केलं असतं तर मी तिथं असतो. शार्कखाली असतो. तिजोरीत तर असतोच, तिथनं जाणार कुठं होतो? पण मी जागा शोधली बाहेर पडायला सगळ्यात सोपी, आणि बाहेर पडलं कोण? मी! एकटा!

मी जाऊन बंबाच्या रिकाम्या जागेत, नळ्यांच्या वेटोळ्यावर बसलो. तिकडं पटांगणात रजिस्ट्रार पिंजऱ्यातल्यासारखा फिरतोय, "अहो, माझी गाडी! तिन्ही फाटकं अडलीयत! बाहेर पडायचा रस्ता कुठंय?" आता त्याला घाई होती ना? बस म्हणावं!

आणि लेक आली. एकटीच. पांढरा झगा गोळा करून माझ्या शेजारी नळीवर बसली. म्हणाली, "बाबा, आम्हाला निघायला हवं. बाहेर पडायचा रस्ता कुठंय?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तो प्रश्न विचारला! जन्मभर मीच विचारत आलो. आणि मी म्हटलं, "नाहीये गं. कुठूनच नाहीये. बस जरा."

तिला हसू आलं. मग डोळे भरले तिचे. माझे तर आधीच. म्हणाली, "तुम्ही ऐकलं नाहीत ना?" मी मान हलवली. तेव्हा ती माझ्याकडे तोंड करून नीट बसली, अगदी तिथं उभी होती तशी, श्वास घेतला आणि म्हणाली, "हो."

मी म्हटलं, "परत म्हण."

"हो, बाबा. हो."

बघितलं मी. चेहरा बघितला. एवढंच हवं होतं ना मला? मिळालं. आणि आता कुठं जरा पाय पसरून, डोळे पुसून, लेकीचा हात हातात घेऊन निवांत बसतोय... तेवढ्यात समोर भोंगा! बंब परत आला! आम्ही दोघं बसलोय त्याच्या जागेवर, आणि उशिरा आलेल्या काही पाहुण्यांनी गाड्या लावल्यात कुठं, तर त्याच दारापुढं! आणि भोपळ्या खिडकीतनं डोकं बाहेर काढून, दोन्ही हात जोडून विचारतोय...

"साहेब, आत यायचा रस्ता कुठंय?"