मगदूम अण्णांचं समाधानपत्र

मंडळी, ऐका. पेटी जरा थांबू द्या. मघा पूर्वरंगात मी सांगितलं, सत्य बोलावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं? नंदीबैलही डोलावतो!

आता एक प्रश्न विचारतो. लबाड माणसानं लबाडी केली, तर पाप त्याचं. कबूल? कबूल. पण त्या लबाडाला पुरता ओळखणारा एखादा भला माणूस त्याच्या लबाडीखाली स्वतःची सही करतो, तेव्हा पाप कुणाचं? अर्धं अर्धं वाटून घ्यायचं? उत्तर आत्ता देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

कोल्हापूरजवळ शिरोलीला बाळगोंडा मगदूम नावाचे गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चाळीस वर्षं फौंड्री चालवली. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, इंजिनाचे भाग करायचे. आता ओतकामात एक गंमत असते. कधीकधी आत हवेची पोकळी राहते, बाहेरून पत्ताच लागत नाही. काही शहाणे काय करतात? पोकळीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, वरून रंग मारतात, देतात गिऱ्हाइकाला पाठवून! अण्णांनी असा एक तुकडा कधी बाहेर जाऊ दिला नाही. पुन्हा भट्टीत. कामगार कुरकुरायचे, पण माल परत भट्टीत.

अण्णांच्या पत्नी पद्माक्का. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. ‘नर्मदा पश्चिमेकडे वाहते, उगम अमरकंटक’ हे त्यांनी किती पोरींकडून घोकून घेतलं असेल, मोजदाद नाही. स्वतः मात्र पाहिलं काय? फळ्यावरचा नकाशा. अण्णांना फौंड्रीतून सवड नव्हती. आणि सवड झाली, तेव्हा पद्माक्कांचा मणका गेला. अर्धा तास बसलं की पाय बधिर. रेल्वे नको, विमान नको. झोपून जाता येईल, असंच काही हवं.

मग अण्णांनी मोटारहोम घेतली. काय असते माहीत आहे? चाकांवरचं घर! पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, गार हवेचं यंत्र. पलंग तर असा, की बटण दाबलं की डोक्याकडून वर होतो. अण्णांनी फौंड्रीची मागची जागा विकली आणि ही गाडी आणली. कंपनीचं नाव मी घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका, कीर्तन आहे, कोर्ट नाही. गाडी घरी आली, तेव्हा पद्माक्कांनी तिला कुंकू लावलं आणि आतल्या पलंगावर पडून खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. अण्णांना वाटलं, आयुष्यात एक काम बरं केलं.

एप्रिलात निघाले अमरकंटकला. दुसऱ्या दिवशी दुपारी, महाराष्ट्राची हद्द ओलांडून घाट चढताना, आतली वीज गेली. दिवा, पंखा, पंप, सगळं गप्प. पलंग अर्धा वर उचललेला, तिथंच अडकला. पद्माक्का त्या तिरक्या पलंगावर, कंबरेत आग, उतरता येईना. बाहेर उन्हाचा वणवा, आत भट्टी. अण्णांनी कंपनीला फोन लावला.

काय ऐकू आलं? “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” इतका महत्त्वाचा, की उचलवेना! मग मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा. अहो, आपण देवाला हाक मारतो, तेव्हा देव म्हणतो का, मोक्षासाठी तीन दाबा? हसू नका. तिथं बाई कळवळत होती. पावणेतीन तासांनी एका ट्रकवाल्यानं नि अण्णांनी मिळून त्यांना सतरंजीत घालून खाली उतरवलं. अमरकंटक राहिलं. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून परत आली.

पुढचे अकरा महिने काय सांगू? गाडी चारदा कंपनीच्या कार्यशाळेत गेली. चारदा ‘ठीक करून’ आली. ऊन तापलं, चढण लागली, की पुन्हा अंधार. दर वेळी नवा माणूस फोनवर, आणि दर वेळी अण्णांनी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. शेवटी त्यांनी स्वतःच फळी उचकटून पाहिलं. आयुष्य तापलेल्या लोखंडाजवळ गेलेला माणूस! एका नजरेत कळलं. विजेचं सगळं नियंत्रण ज्या पेटीत होतं, ती पेटी बसवली होती धुराच्या गरम नळीला खेटून. नळी तापली की पेटी जीव सोडणार. हा एका गाडीचा दोष नव्हे, आखणीचाच दोष. म्हणजे अशा प्रत्येक गाडीत तोच.

अण्णांनी चित्र काढून पत्र लिहिलं. उत्तर आलं, आमच्या तज्ज्ञांना कोणताही दोष आढळला नाही.

त्याच सुमारास डॉक्टर म्हणाले, पद्माक्कांचा मणका वेगानं झिजतोय, येत्या हिवाळ्यानंतर त्यांना झोपूनसुद्धा प्रवास झेपेल असं वाटत नाही.  पद्माक्कांनी घरी येऊन कपाटातला जुना नकाशा काढून एका विद्यार्थिनीला देऊन टाकला. अण्णांनी ते पाहिलं.

आणि मग कंपनीचा माणूस घरी आला. नाव नितीश सबनीस. गोड माणूस! मंडळी, कडू माणसाला भिऊ नका, औषध तरी असतो. सबनीसांनी चहा घेतला, पद्माक्कांच्या पाया पडले आणि म्हणाले, आठ दिवसांत पेटी बदलतो, जागाही बदलून देतो. अण्णांना विश्वास बसेना. मग सबनीस हळूच मुद्द्यावर आले. पिंपळगावचं एक गिऱ्हाईक अडून बसलंय, जुन्या ग्राहकाशी बोलल्याशिवाय घेणार नाही म्हणतंय. त्यांचा तुम्हाला फोन येईल. आणि हे एक छोटं समाधानपत्र आहे, गाडीबद्दल काही तक्रार नाही असं, त्यावर सही हवी.

“खोटं बोला असं मी म्हणत नाही, अण्णा,” सबनीस म्हणाले. “फक्त जुनं उगाळू नका.”

अण्णांनी विचारलं, नव्या गाड्यांत पेटी हलवलीय का? सबनीस म्हणाले, सुधारणा चालू आहेत. आता फौंड्रीवाल्याला ‘चालू आहेत’चा अर्थ कळत नाही? कळतो. पण अण्णांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. कारण उत्तर ऐकलं असतं, तर सही करता आली नसती. त्यांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पिंपळगावचे यादव देवरे. बोलणं नम्र. आईबद्दल सांगत होते. वय ब्याऐंशी, फुप्फुसं निकामी, प्राणवायूचं यंत्र सतत लागतं, ते विजेवर चालतं. मरण्याआधी तिला तिच्या माहेरी, तापीकाठी, एकदा नेऊन आणायचं होतं. बाकी गाडीत काय आहे नि काय नाही, त्याची त्यांना फिकीर नव्हती. त्यांनी एकच विचारलं.

“काका, वीज कधी दगा देते का?”

अण्णांच्या समोर परसात पद्माक्का वॉकर धरून चालत होत्या. चार पावलं, थांबायचं. चार पावलं, थांबायचं.

“माझ्या गाडीला आता काही त्रास नाही,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे कधीच नव्हता ना?”

“नाही.”

मंडळी, एवढंच! दोन अक्षरं. शिवी दिली नाही, चोरी केली नाही, कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. फोन ठेवला आणि चहा प्याले.

कंपनीनं शब्द पाळला. हो, पाळला! लबाडसुद्धा आपल्या कामापुरता शब्द पाळतो. पेटी बदलली, नळीपासून दूर बसवली. नोव्हेंबरात अण्णा नि पद्माक्का अमरकंटकला गेले. गाडीनं हूं की चूं केलं नाही. पद्माक्का नर्मदेच्या कुंडाच्या पायरीवर बसल्या, पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, “एवढीशी असते होय.” आणि लहान पोरीसारख्या हसल्या. अण्णांना त्या हसण्याकडं धड बघता आलं नाही. 

मे महिन्यात पुन्हा देवऱ्यांचा फोन.

आई गेली होती. तापीकाठी पोचण्याआधी, चढणीवर, भर दुपारी गाडीतली वीज गेली. यंत्र बंद पडलं. जवळ एकच लहान सिलिंडर होता, तो वीस मिनिटं पुरला. इस्पितळ चाळीस मिनिटांवर. कंपनी आता म्हणत होती, तुम्ही विजेवर जादा भार टाकला असणार, कारण दुसऱ्या एकाही ग्राहकाची अशी तक्रार नाही. पुरावा म्हणून अण्णांचं समाधानपत्र त्यांनी देवऱ्यांना पाठवलं होतं.

आणि देवरे भांडायला फोन करत नव्हते. त्यांनी विचारलं, “काका, तुम्ही कसं वापरता सगळं? माझ्या हातून काय चुकलं, एवढं कळू द्या.”

 नंतर करतो म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांनी पद्माक्कांना सगळं सांगितलं. सही, सबनीस, फोन, सगळं.  त्या म्हणाल्या, “मला विचारायचं होतं तुम्ही. मी नको म्हटलं असतं. तीस वर्षं नर्मदा नकाशावर बघितली, तशीच बघितली असती.” त्यानंतर त्या गाडीत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा एसटीनं पिंपळगावला निघाले. देवऱ्यांच्या ओसरीत आईचा फोटो होता, हार वाळलेला. देवऱ्यांनी पाणी दिलं, जेवायचं विचारलं. अण्णांनी पाण्याला हात लावला नाही. पिशवीतून चार वेळच्या दुरुस्तीचे कागद काढले, स्वतःचं चित्र काढलेलं पत्र काढलं, कंपनीचं उत्तर काढलं आणि समोर ठेवलं. म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. मला माहीत होतं.

देवऱ्यांनी एकेक कागद वाचला. सावकाश. तारखा वाचल्या. त्यांचा फोन कधी झाला होता, ते मनाशी ताडून पाहिलं. अण्णा वाट पाहत होते, हा माणूस आता ओरडेल, मारेल. मारलं असतं, तर बरं झालं असतं.

देवरे म्हणाले, “कंपनी खोटं बोलेल, हे मला माहीत होतं काका. म्हणून तर तुम्हाला फोन केला होता.”

आणि उठून आत गेले. परत बाहेर आले नाहीत.

तुम्ही म्हणाल, बुवा, पण शेवटी खरं बोलला ना माणूस? बोलला. ग्राहक न्यायालयात देवऱ्यांच्या बाजूनं साक्षही दिली. भर सुनावणीत उभं राहून सांगितलं, दोष होता, मला ठाऊक होता. कंपनीच्या वकिलानं काय केलं? ते समाधानपत्र वर धरलं आणि शांतपणे विचारलं, “ही सही तुमचीच ना? मग मगदूमसाहेब, तुम्ही खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?”

अण्णांनी खरं उत्तर दिलं. पण तोंड पाहिलंय का कधी अशा माणसाचं? ज्याचं खरंही आता कुणाच्या कामाचं नाही? वकिलानं तो कागद फाईलीत ठेवला आणि जागेवर बसला. खटला अजून चालू आहे. सबनीसांना बढती मिळाली. देवऱ्यांनी अण्णांचा फोन पुन्हा कधी उचलला नाही.

तर मंडळी, माझा प्रश्न तसाच उभा आहे. पाप कुणाचं? कंपनीचं आहेच, त्यात वाद नाही. पण कंपनीवर देवऱ्यांचा विश्वास नव्हताच! ज्याच्यावर विश्वास नाही, तो फसवील कसा? फसवलं, ते भल्या माणसानं. लबाडाला आपल्या लबाडीसाठी भल्या माणसाचं तोंड लागतं. स्वतःचं तोंड त्याला पुरत नाही.

आणि मला सांगा, अण्णांनी कशासाठी केलं? हौसेसाठी? नाही. आजारी बायकोच्या प्रेमापोटी केलं. तुम्हीही प्रेमापोटीच कराल. मीही!

परवाच कुणीतरी तुम्हाला विचारलं असेल, तुमच्या शेजारचं ते स्थळ कसं आहे हो? मुलगा पितो, हे तुम्हाला ठाऊक. भिंतीपलीकडून रोज ऐकता. पण शेजारधर्म! तुम्ही म्हणालात, चांगला आहे. आले का आठवणीत? त्या तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी मान खाली घातली. घालू द्या. मी नाव विचारत नाही.

उद्या पुन्हा कुणीतरी विचारणार आहे. डॉक्टर कसा आहे, शाळा कशी आहे, ही वस्तू घेऊ का? विचारणारा तुमच्याकडे आला, याचा अर्थ त्यानं बाकी सगळ्यांवरचा भरवसा सोडून दिलाय. त्याच्या आईचा श्वास त्या तुमच्या दोन अक्षरांत असेल. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

पांडुरंगा, तेवढ्या वेळेला आमची जीभ तुझ्या ताब्यात घे. आमच्या ताब्यात ती राहत नाही. मंडळी, आता हात जोडा आणि टाळी नको. आज गप्प बसूनच नाम घेऊ या.