भरलेली टाकी, रिकामा दिवा

(तळ्याकाठी उभा केलेला एक चिमुकला ट्रेलर : दोन बिछाने, एक टेबल, एक शेगडी, एक बेसिन. वहिनी बेसिनशेजारच्या, टाकीतलं पाणी किती ते दाखवणाऱ्या दिव्यांच्या पट्टीसमोर उभ्या आहेत. त्यांच्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे ताई, बिछान्याखालच्या, पाण्याची टाकी असलेल्या कप्प्यात कमरेपर्यंत शिरल्या आहेत. दोघींनी साठी ओलांडलेली. वेळ दुपारची.)

ताई : आणि मी म्हणते, फुटलीच आहे! फुटली नसती तर ट्रेलरखाली एवढी धार लागली असती का?

वहिनी : ताई, निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, असं नका करू. टाकीवर टिचकी मारा.

ताई : मारली.

वहिनी : आवाज कसा आला?

ताई : ठप्प. ढेरपोट्या माणसाच्या पाठीवर थाप मारावी तसा.

वहिनी : म्हणजे आत पाणी आहे.

ताई : आणि तुझा दिवा काय म्हणतोय?

वहिनी : बटण दाबते आहे. दिवा म्हणतो, 'रिकामी'.

ताई : घ्या! अगं, सकाळी दोन कॅन ओतले, मघाशी आणखी एक ओतला, आणि तरी बाईसाहेब रिकाम्याच. टाकी आहे का चाळण?

वहिनी : नळाला पाणी येतं आहे. रिकाम्या टाकीतून नळाला पाणी येण्याचा प्रकार माझ्या पाहण्यात नाही. खाली लागलेली धार ही टाकी फुटल्याची नसून भरून वाहिल्याची असू शकते.

ताई : असू शकते, असू शकते! आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंस, एकदा तरी 'आहे' म्हण की.

वहिनी : सिद्ध झालं की म्हणेन. तुम्ही बाहेर या, डोकं आपटेल.

ताई : आपटलं. दोनदा. आणि मी बाहेर येऊ कशी? तू मागे सरकल्याशिवाय माझे पाय कुठे ठेवू, बेसिनमध्ये?

वहिनी : सरकले. या. …ताई, चेहरा का असा?

ताई : कसा?

वहिनी : परीक्षेत कॉपी सापडलेल्या मुलीसारखा.

ताई : हे बघ, रागावणार नसशील तर सांगते. धार बघितली आणि माझा धीर सुटला. मी बाळ्याला निरोप पाठवला.

वहिनी : काय लिहिलंत?

ताई : 'टाकी फुटली. पाणी संपलं. ये.'

वहिनी : ताई! अहो, आपली त्यांच्याशी अटच ती होती! उद्या दुपारपर्यंत मदतीसाठी हाक मारली, तर ट्रेलर विकायचा. तुमच्या समोर ठरलं, तुम्ही टाळी दिलीत!

ताई : टाळी देताना टाकी फुटलेली नव्हती ना!

वहिनी : आत्ताही फुटलेली नाही! …कदाचित.

ताई : वाजला बघ फोन. तोच आहे. तू बोल.

वहिनी : तुमचा भाऊ आहे.

ताई : तुझा नवरा आहे! बरं, दोघी बोलू. स्पीकर लाव.

बाळ्या : हॅलो? ताई? मी निघालोय. तळ्याच्या फाट्यापर्यंत आलोच.

ताई : अरे, एवढी घाई कशाला केलीस?

बाळ्या : 'ये' म्हणालीस ना? आणि ऐका, समोरच्या इमारतीतले दंतवैद्य सोबत आहेत. त्यांना ट्रेलर हवाच होता. बघतील आणि आजच घेऊन जातील.

वहिनी : अहो, आज?

बाळ्या : अट ती अट. तूच म्हणतेस ना, प्रयोग सुरू झाल्यावर नियम बदलायचे नसतात? ठेवतो, वळण आलंय.

ताई : ठेवला. मेला लहानपणीही असाच होता, हरायला लागला की खेळ गुंडाळायचा. वहिनी, आता काय?

वहिनी : आता विचार. खारे शेंगदाणे बाजूला ठेवा.

ताई : घाबरले की मला भूक लागते.

वहिनी : मग खात खात ऐका. टाकीच्या अंगावर धातूचे बोल्ट दिसले तुम्हाला? एकावर एक?

ताई : दिसले. प्रत्येकाला वायर आहे.

वहिनी : सगळ्यात खालचा बोल्ट आणि त्याच्यावरचा एखादा, यांच्यामध्ये पाणी आलं की पाण्यातून थोडासा प्रवाह जातो आणि तेवढ्या उंचीचा दिवा लागतो. या पट्टीला पाणी दिसत नाही. तिला फक्त प्रवाह कळतो.

ताई : म्हणजे आंधळी कोशिंबीर.

वहिनी : साधारण. तेव्हा एक तर वायर तुटली असेल, नाही तर दिवा गेला असेल. पुन्हा आत जा. सगळ्यात खालच्या बोल्टला एक बोट लावा, सगळ्यात वरच्याला दुसरं.

ताई : आणि मला शॉक बसला म्हणजे?

वहिनी : बॅटरी बारा व्होल्टची आहे. गुदगुल्यासुद्धा होणार नाहीत.

ताई : बसला तर तुझ्या उरावर बसेन, सांगून ठेवते. …हं. लावली बोटं.

वहिनी : बटण दाबते. अरेच्चा!

ताई : काय झालं? मेले का मी?

वहिनी : दिवा लागला! 'पूर्ण'!

ताई : म्हणजे मी पूर्ण भरलेली आहे! वहिनी, ऐकलंस? इतकी वर्षं सगळे मला डोक्याने रिकामी म्हणायचे!

वहिनी : हसवू नका, बटणावरून बोट निसटतं. म्हणजे दिवा ठीक, वायर ठीक. आता हात धुऊन या आणि पुन्हा तेच करा.

ताई : हात का धुवायचे?

वहिनी : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणून.

ताई : आलिया भोगासी. नळ सोड. …धुतले. पुसू का?

वहिनी : नको, ओलेच राहू द्या. जा.

ताई : या कप्प्यात आता माझं नाव लिहा. लावली बोटं.

वहिनी : …नाही लागला.

ताई : घट्ट दाबलीत गं.

वहिनी : नाही लागला! मघाशी बोटांना मीठ होतं. आता मीठ नाही, नुसतं आपल्या टाकीतलं पाणी आहे. आणि बेसिनखालच्या सांडपाण्याच्या टाकीचा दिवा सकाळपासून बरोबर लागतो आहे, कारण तिच्यात साबण गेला, बटाटे उकडल्याचं खारं पाणी गेलं… अरे देवा.

ताई : तू देवाचं नाव घेतलंस? तू? थांब, मी बाहेर येते. हा चेहरा मला बघायचाय.

वहिनी : ताई, हे पाणी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलं आहे.

ताई : ते माहितीये. तुझ्या विद्यार्थिनीने कॅन भरून दिले. तुझा नळाच्या पाण्यावर विश्वास नाही ना.

वहिनी : त्यातले सगळे क्षार काढून टाकलेले आहेत. सगळे. आणि क्षार नसलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. हे मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवत असे. फळ्यावर आकृती काढून! जो चुकला त्याला वर्गात उभं करून!

ताई : तरीच सकाळपासून चहा पांचट लागतोय! अगं, म्हणजे टाकी शहाणी, दिवा शहाणा, बोल्ट शहाणे, आणि…

वहिनी : वाक्य पूर्ण करू नका.

ताई : नाही करत. फक्त हसते. पोटात दुखायला लागलं, बाई! उभी राहा बघू, वर्गात!

वहिनी : उभीच आहे, बसायला जागा कुठे आहे? हसणं पुरे, मिठाच्या पाण्याला जागा हवी, टाकीतून एक बादली पाणी काढा. मी ग्लासात दोन चमचे मीठ विरघळवते.

ताई : पाणी खारट नाही होणार?

वहिनी : एवढ्या लिटरमध्ये जिभेला पत्ताही लागणार नाही. हं, ओतलं.

ताई : दाब बटण.

वहिनी : 'रिकामी'.

ताई : आता काय राहिलं?

वहिनी : मिसळलं नसेल. पाणी भरायच्या तोंडापाशीच मीठ बसलं असेल. ढवळायला हवं.

ताई : बंद टाकीत पळी कुठून घालू?

वहिनी : पळी नको. ट्रेलर हलवू. ताई, उड्या मारा.

ताई : या वयात?

वहिनी : गुडघे सांभाळून. एकदा तुम्ही, एकदा मी. एकाच वेळी नको, लाटा उठायला हव्यात.

ताई : हे घे! आई गं! कपाटातले कप नाचताहेत!

वहिनी : नाचू द्या! आता मी! तुम्ही!

ताई : फोन वाजतोय! बाळ्या! उड्या थांबवू नकोस, मी उचलते!

बाळ्या : हॅलो? तो धाडधाड आवाज कसला? काय चाललंय तिथे?

ताई : पाणी ढवळतोय!

बाळ्या : काय?

वहिनी : अहो, टाकी फुटलेली नाही! एक दिवा लागला, ताई! दुसरा! अजून एक उडी!

ताई : ही घे!

वहिनी : 'पूर्ण'! ताई, 'पूर्ण'! आता म्हणते : टाकी भरलेली आहे. आहे!

ताई : ऐकलंस का रे बाळ्या? टाकी धडधाकट आहे, पाणी काठोकाठ आहे, आणि दुरुस्ती तुझ्या बायकोने केली. कुणाची मदत लागलेली नाही. तेव्हा पैज आम्ही जिंकलो. दंतवैद्यांना म्हणावं, माघारी फिरा.

बाळ्या : अगं, पण ते एवढ्या लांब आले…

ताई : दे त्यांना फोन. मी स्वतः सांगते.

बाळ्या : ते… झोपलेत.

ताई : भरदुपारी? शेजारच्या सीटवर? दे म्हणते ना.

वहिनी : अहो, खरं सांगा. गाडीत कोण आहे?

बाळ्या : कुणी नाही.

ताई : म्हणजे गिऱ्हाईक नाहीच?

बाळ्या : विचारलं होतं मी त्यांना. नको म्हणाले. पण म्हटलं, ट्रेलर विकला जाईल या धाकाने तरी परत याल. काल संध्याकाळपासून घर नुसतं खायला उठलंय. टीव्ही लावला तरी कुणी 'आवाज कमी करा' म्हणत नाही.

ताई : मग आमच्याबरोबर यायला काय धाड भरली होती? विचारलं होतं ना तुला?

बाळ्या : 'डबड्यात झोपणार नाही' असं आधी चारचौघांत बोलून बसलो होतो.

ताई : बघ गं, वहिनी. आता हा माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघतोय. फोनवरूनसुद्धा कळतंय मला.

बाळ्या : फाटा आला. इथून डावीकडे तळं, सरळ गेलो तर घर. मी काय म्हणतो… तिथे तिसऱ्या माणसाला जागा होते का?

वहिनी : डावीकडे वळा. टेबल दुमडलं की तिसरा बिछाना होतो. तुमचे पाय बाहेर येत नाहीत. ट्रेलर विकत घेण्याआधीच मी मोजून पाहिलं होतं.