वरच्या मजल्यावरची टीना मोराल

— अगं राहू दे ते रेकॉर्डिंगचं मशीन सुरू, मला काही लाजबीज नाही वाटत. आधी चहा घे. म्हाताऱ्यांच्या त्या हाइममधून थेट आलीस ना, तिथे कोणी पाण्याचंसुद्धा विचारलं नसेल. आणि फ्राउ क्यूपर्स बोलली नाही, हो ना? नाहीच बोलणार. झटका आला तशी वाचाच गेली तिची, नुसती बघते. तिथल्या सिस्टरनं माझं नाव दिलं म्हणालीस — खालच्या मजल्यावरच्या फ्राउ टेंभेकर, त्यांना सगळं ठाऊक आहे. बरोबरच दिलं. या बाईच्या घरात माझ्याशिवाय कोणी पाऊल टाकलं असेल तर तो हीटिंग दुरुस्त करणारा माणूस. धम्मदीपा ना तू? नागपूरची? वाटलंच, बोलण्यावरून. आणि पीएचडी कसली, तर गोऱ्या नट्या आपल्याकडच्या बायका व्हायच्या त्या जुन्या हॉलिवूडच्या सिनेमांवर. घरी सांगितलंस तेव्हा काय म्हणाले गं? लग्नाचं काही — बरं, नाही विचारत.

तिचा सिनेमातला तो फोटो तू पाहिलाच असशील, पदर उलट्या खांद्यावर आणि कपाळावर मोत्यांचा घोस. तिच्या पॅसेजमध्ये लावलेला होता. मी म्हटलं, बाई गं, ही कुठली साडी नेसायची तऱ्हा. माझी नारायणपेठ वर नेली आणि नेसवली तिला नीट. नव्वदीला आलेली बाई, पण आरशासमोर अशी ताठ उभी राहिली की मीच दोन पावलं मागे सरकले. जन्म इथलाच, कोलोनचा. गाव बॉम्बनं सपाट झालं तेव्हा शाळकरी पोर. मग अमेरिकन शिपायाशी लग्न करून तिकडे गेली. नवरा टिकला नाही, चेहरा टिकला. लढाई नुकती संपलेली, जर्मन नाव कोणाला हवंय — स्टुडिओनं गेर्ट्रूड क्यूपर्सची टीना मोराल केली, केस काळे, अंगाला तपकिरी रंग. कधी अरबी, कधी मेक्सिकन, कधी आपल्याकडची राजकन्या. आणि आवाज दुसऱ्याच बाईचा, कारण हिच्या इंग्रजीत कोलोन ऐकू यायचं. एवढे सिनेमे केले, पण एकातही तिचा स्वतःचा आवाज नाही. हे सगळं इंग्रजीत छापलेलं आहे, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुला काय हवंय ते कळलंय मला — ऐन भरात सगळं टाकून ती परत का आली, एवढंच ना? ते कुठे लिहिलेलं नाही म्हणालीस. कसं असेल. टीव्हीवाले आले होते एकदा, चांगले शिकलेले, फुलं घेऊन. टीना मोराल मेली, म्हणाली, आणि दार लावलं. मला मात्र सांगितलंय. एकदा नाही, कितीदा. रविवारी दुपारी मी वर जायची, कॉफी आणि प्लमचा केक, इथली रीतच ती, आणि कप रिकामा झाला की ती त्या गोष्टीवर यायची.

काय सांगितलं? सांगते ना. एक जिना होता. स्टुडिओतला असेल, नाहीतर कोणाच्या घरातला. तिथे एक माणूस — नवरा नव्हे, नवऱ्याचं बोलताना ती हसायची. नाव घ्यायची ती त्याचं, पण भरभर. आणि मूल. 'किंड' म्हणायची, तेवढं नक्की, तो शब्द मला माझ्या लेकीच्या, मैथिलीच्या किंडरगार्टनपासून पाठ. आता ते मूल झालेलं, की गेलेलं, की देऊन टाकलेलं — थांब जरा. आठवत नाही असं नाही गं. ती बोलायची ती जर्मन तुमच्या कोर्समधली नव्हे. इथली जुनी बोली, मध्येच इंग्रजी, त्यात हुंदके. आणि माझी जर्मन भाजी-दूध-डॉक्टरपुरती. कोर्सला नाव घातलं होतं, पण मैथिली झाली आणि राहिलंच. पहिल्या रविवारी ती बोलायला लागली तर मी म्हटलं, 'या, गेनाऊ' — हो हो, अगदी बरोबर — माणूस जिवाचं बोलतंय, हुंकार तर द्यायला हवा ना. पुढच्या रविवारीही दिला. मग सांगायचं कधी, की बाई, मला तुझं कळत नाही? वर्ष उलटल्यावर? तिचा हात माझ्या हातात असताना? ती रडली की मी रडायची. ते रडणं खोटं नव्हतं. मैथिलीला म्हटलं, तू इथेच वाढलीस, एक दुपार वर चल, आजी काय म्हणते ते मला समजावून सांग. मी मराठीत विचारायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, वेळ नाही, मामा — इथे आईला मामाच म्हणतात. आता कार्ल्सरूहेला असते. तिला तरी काय बोलू, आईच्या म्हाताऱ्या मैत्रिणीत कोणाला रस.

कधी कधी वाटतं, तिला ठाऊक होतं. दुसरीच्या आवाजावर ओठ हलवण्यात जन्म गेलेली बाई — समोरची सोंग करतेय हे तिला दिसणार नाही? म्हणूनच मला सांगत असेल, भिंतीला सांगावं तसं. असं वाटलं की जरा बरं वाटायचं मला. पण हल्ली हाइममध्ये भेटायला जाते ना, तर उजवा हात लुळा पडलाय, डाव्यानं माझं मनगट धरते आणि अशी बघते, अशी बघते की — तुझ्यापाशी ठेवलंय ना मी, आहे ना ते नीट? आणि मी काय म्हणते ठाऊक आहे? तेच म्हणते, 'या, गेनाऊ'. दुसरं येतं काय मला —

मशीन बंद केलंस? बरोबर आहे. उगाच कशाला.

नाही गं, परत जाऊन विचारू नकोस तिला. वाचा यायची नाही, डॉक्टरांनी साफ सांगितलंय, आणि लिहिणंही गेलं त्याच्याबरोबर. तिचं दुसरं कोणी नाही, असतं तर मी शोधून काढलं असतं. तू आपली लिही, कारण कळलेलं नाही. तेच खरं. फक्त एक कर, मी आत्ता बोलले त्यातलं काही घालू नकोस. उद्या कोणी तिला ते वाचून दाखवलं तर — कान शाबूत आहेत तिचे, कळतं सगळं. चहा राहू दे, निवला असेल. बूट तुझे बाहेर आहेत. दार नुसतं ओढ, लागतं आपोआप.